भरीत केलंच नव्हतं

त्या रविवारी ऋजुता वाणी अमळनेरच्या बाजारातून हंगामातलं पहिलं भरिताचं वांगं घेऊन आली. आईनं शिकवल्याप्रमाणे हातावर तोलून, हलकं बघून घेतलेलं. दर वर्षी पहिलं वांगं आलं की आई ते मागच्या अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची आणि गल्लीतल्या चार घरी पोचवून यायची. या वर्षी आई घरी नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी ती साताऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती आणि होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होती.

ऋजुतानं वांगं ओट्यावर ठेवलं आणि फोन हातात घेतला. बोलून निरोप पाठवायची तिला अजून सवय झाली नव्हती. गावातल्या कॉलेजचं ग्रंथालय सांभाळताना दिवसभर ती दबक्या आवाजात बोलायची, आणि घरीही तिचा आवाज फारसा चढत नसे.

“भरिताची वांगी आली गं,” ती म्हणाली. “एक आणून ठेवलंय. पण एकटीसाठी भाजायचा कंटाळा येतो. घर खायला उठतं. दिवाळीच्या चार दिवस आधीच ये ना.”

तिच्या मानानं हे फार झालं. पाठवून झाल्यावर तिला उगाच लाजल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं उत्तर आलं. आवाज आईचाच, तोच किंचित नाकातला. “मी मजेत आहे. जिने चढायची सवय होतेय. उद्या आमची सहल आहे, वाईजवळच्या एका खाणीवर. तू काळजी घे.”

ऋजुतानं ते दोनदा ऐकलं. ‘मजेत’ हा आईचा शब्द नव्हता. तिला कधीही विचारा, ती ‘चाललंय’ म्हणायची. शिवाय लवकर येण्याबद्दल चकार शब्द नाही. असू दे, ऋजुताला वाटलं, नव्या मैत्रिणी मिळाल्या आहेत, आता घर कशाला आठवेल. जरा फुरंगटूनच तिनं उत्तर दिलं, “होईल सवय हळूहळू. जपून जा.”

मग तिनं वांगं फ्रिजमध्ये टाकलं आणि दहीभात खाऊन झोपली.

सोमवारी दुपारी कॉलेजातून फोन आला. खाणीच्या उतारावर ऋजुताच्या आई, उज्ज्वलाबाई, एका खडकावर टेकल्या होत्या. हातात हातोडी होती. दम खात असतील म्हणून सरांनी बाकीच्या मुलांना पुढे नेलं. परत आले तेव्हाही त्या तशाच टेकलेल्या होत्या.

*

आईला दगडांचं वेड होतं. तिच्या लग्नात माहेरून आलेल्या ट्रंकेत साड्यांच्या खाली गारगोट्या निघाल्या होत्या, हे सासरच्या माणसांनी आयुष्यभर हसून सांगितलं. बारावीनंतर शिकायचं होतं तेव्हा वडिलांनी नको म्हटलं, नंतर नवऱ्यानं हो म्हटलं पण वेळ आली नाही, नंतर नवराच राहिला नाही. मग विद्यापीठांनी साठीनंतरच्या लोकांसाठी प्रत्येक वर्गात काही जागा ठेवायला सुरुवात केली. आईनं कुणाला न विचारता अर्ज भरला आणि प्रवेश मिळाल्यावर ऋजुताला सांगितलं, तेही चहा गाळता गाळता.

घरात त्या दोघीच. ऋजुतानं शुल्क भरलं, गादी मागवली, बॅगेची चाकं बदलून आणली. सगळं केलं. ‘जा’ असं म्हटलं नाही आणि ‘जाऊ नकोस’ असंही म्हटलं नाही.

जूनमध्ये कॉलेजनं नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी दोन दिवसांचं पूर्वतयारी शिबिर ठेवलं होतं. मुलं घरापासून लांब जातात तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना ते झेपावं म्हणून. मुलांना कपडे धुणं, पैसे पुरवून वापरणं, मदत मागणं हे शिकवायचे. पालकांना गप्प बसणं. मुलांची बॅग तुम्ही भरू नका, त्यांची खोली लगेच आवरू नका, ‘घर सुनं वाटतं’ असं त्यांना कळवू नका. सभागृहात एका बाजूला विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला पालक बसवले होते. आई विद्यार्थ्यांत, ऋजुता पालकांत. शेजारच्या मिरजेच्या गृहस्थांनी तिला विचारलं, तुमची मुलगी कुठली? तिनं बोट दाखवलं. ती, मोरपंखी साडीतली. गृहस्थ बराच वेळ मोरपंखी साडीतली मुलगी शोधत राहिले.

शिबिराच्या शेवटी तिथला एक रिवाज होता. प्रत्येक पालकानं पुढे यायचं, आपल्या मुलासमोर उभं राहायचं आणि माईकवर निरोपाचं एकच वाक्य बोलायचं. कुणी आशीर्वाद दिला, कुणी रडलं. ऋजुताची पाळी आली तेव्हा आई तिच्यासमोर ताठ उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, शाळेत बक्षीस घ्यायला उभी राहिल्यासारखी.

“चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत बसू नकोस,” ऋजुता म्हणाली.

सभागृह हसलं. आईही हसली. मग माईक पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, “एवढंच?”

“एवढंच.”

माईकवरचं ते वाक्य आणखी एका कामासाठी हवं होतं. पालकाच्या आवाजाचा नमुना म्हणून; विद्यार्थ्यांचा प्रवेशाच्या वेळीच घेतला होता. तो ‘साकव’ला, म्हणजे घरचे आणि होस्टेलचे निरोप पोचवणाऱ्या कॉलेजच्या यंत्रणेला, लागायचा.

साकवमागचं शास्त्र साधं होतं, आणि खोटंही नव्हतं. सभागृहात माईक आणि स्पीकर समोरासमोर आले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. माईक स्पीकरचा आवाज पकडतो, तो मोठा करून स्पीकरला देतो, स्पीकर आणखी मोठा करून माईकला. घर आणि होस्टेल यांच्यात पहिल्या सत्रात नेमकं हेच होतं, असं संशोधकांना आढळलं. मूल जरा उदास बोलतं, आई त्यावर कासावीस होते, तिचा आवाज ऐकून मूल रडतं, आणि महिन्याभरात वडील गाडी घेऊन न्यायला येतात. साकव या दोघांच्या मध्ये बसायचा. पहिल्या सत्रापुरतं सगळं बोलणं त्याच्यातून जायचं. तो शब्द उचलायचा, त्यातली ओढ आणि धास्ती मोजायचा, ती कमी करून, लागलं तर शब्द बदलून, तेच बोलणं त्याच माणसाच्या आवाजात पुढे द्यायचा. थेट फोनवर बोलतानासुद्धा. एका श्वासाइतका उशीर व्हायचा, पण तेवढा नेटवर्कमुळेही होतो. ताप, अपघात, दवाखाना, पोलीस असे शब्द आले की तो हात लावायचा नाही. शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या निम्म्यानं उतरली होती. संमतिपत्रावर लिहिलं होतं, ‘निरोप सौम्य केले जातील.’ सगळ्यांनी सही केली. सौम्य व्हायला कुणाची हरकत असते?

*

होस्टेलची खोली रिकामी करायला ऋजुता गेली तेव्हा आईची खोलीतली सोबतीण, तासगावची अल्फिया मुल्ला, दगड आपल्या पायमोज्यांत घालून खोक्यात रचत होती. एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून. पायमोजे पुरले नाहीत तेव्हा तिनं ओढणी फाडली. आई तिला रोज रात्री उशी नीट करून द्यायची म्हणे, आणि सकाळी तिच्याकडून मोबाईलचे खेळ शिकायची. वर्गात सगळे तिला वाणीकाकू म्हणायचे. पाठांतरात मागे, पण दगड हातात दिला की सरांच्या आधी ओळखायच्या.

“शेवटच्या दिवशी खुशीत होत्या काकू,” अल्फिया म्हणाली. “तुमचा निरोप मला ऐकवला. तुम्ही भरीत केलेलं, मैत्रिणी जेवायला आलेल्या. काकू म्हणाल्या, चला, पोरगी रमली. आता मला दिवाळीला घाई करायला नको.”

ऋजुताच्या हातात चष्म्याची डबी होती. ती तिनं खाली ठेवली.

“मी भरीत केलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“पण मी ऐकलंय की. तुमचाच आवाज होता.”

“वांगं अजून फ्रिजमध्ये आहे.”

अल्फियानं दगड रचायचं थांबवलं. अठरा वर्षांची पोर, पण तिला आधी कळलं. तिचा चेहरा उतरला. “मग छातीचं?” तिनं विचारलं. “ते तरी पोचलं का तुमच्यापर्यंत?”

“कसलं छातीचं?”

मग अल्फियानं सांगितलं. आठवडाभर काकूंना जिने चढले की छातीत दडपल्यासारखं व्हायचं. ती डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. काकू म्हणाल्या, ऋजूला विचारते. तिच्यासमोरच विचारलं. उत्तर आलं तेव्हा काकूंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, ती म्हणते होईल सवय. आमची ऋजू उगाच काही बोलत नाही. पुष्कळ वाचलंय तिनं.

*

पूर्वतयारी केंद्राचे प्रमुख डॉ. निशिकांत हर्डीकर हे साकव घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांचा आवाज इतका मऊ होता की साकवला त्यांच्या बोलण्यात करण्यासारखं काही उरलं नसतं. त्यांनी ऋजुताला खुर्ची दिली, चहा मागवला, झाल्या गोष्टीबद्दल पहिल्यांदा मनापासून आणि नंतर नियमाप्रमाणे दुःख व्यक्त केलं. मग काय झालं ते समजावलं, आणि काही लपवलं नाही.

साकव हजारो मुलांच्या बोलण्यावरून शिकला होता. ती सगळी अठरा-एकोणीस वर्षांची. त्या वयाचं मूल पहिल्या सत्रात ‘छातीत जड वाटतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही’ असं म्हणालं तर जवळपास नेहमी ती घरची आठवण असते. साकवच्या लेखी दोनच प्रकारची माणसं होती, विद्यार्थी आणि पालक. उज्ज्वलाबाई विद्यार्थी होत्या. त्यांच्या छातीतली कळ त्यानं घरची आठवण म्हणून मोजली आणि उतरवली. न भाजलेलं वांगं हे पालकाच्या एकटेपणाचं लक्षण म्हणून मोजलं आणि भाजून टाकलं.

“वय बघायचं राहिलं,” हर्डीकर म्हणाले. “साठीनंतरच्या जागा नंतर आल्या. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“माझ्या आईचं वय तिच्या अर्जावर होतं. तिच्या केसांवर होतं.”

“हो.”

“तुम्ही तिला पहिल्या रांगेत बसवलंत. फोटो काढलात. कॉलेजच्या पत्रकावर छापलात.”

मग त्यांनी तिला बोलावण्याचं कारण सांगितलं. सत्रातलं मूळ बोलणं साकवमध्ये बंद असतं, बोलणाऱ्या दोघांच्या मालकीचं. एक गेल्यावर दुसऱ्याच्या. ऋजुतानं परवानगी दिली तर त्यावरून साकव सुधारता येईल. पुढच्या जूनमध्ये साठीनंतरचे आणखी काही विद्यार्थी येणार होते, त्यात एका आजोबांची बायपास झालेली. परवानगी नाही दिली तर बोलणं पुसलं जाईल. तिच्या मनात असेल तसं, ते म्हणाले, घाई नाही.

ऋजुताला आयुष्यात पहिल्यांदा समोरचा कप उचलून कुणावर तरी फेकावा असं वाटलं. तिनं तो बशीत नीट मध्यभागी ठेवला.

“तुम्हाला मुलं आहेत?” तिनं विचारलं.

“मुलगी आहे. बंगळूरला, पहिल्याच वर्षाला.”

“तिथंही साकव?”

“हो, तिथंही आम्हीच दिला.”

“काल काय म्हणाली ती?”

हर्डीकरांनी टेबलावरचा आपला फोन पालथा केला. नंतर म्हणाले, “मजेत आहे म्हणाली.”

ऋजुता म्हणाली, मला आईचं शेवटचं बोलणं ऐकवा. मूळ.

त्यांनी यंत्र तिच्यापुढे सरकवलं आणि स्वतः बाहेर गेले, हे त्यांनी बरं केलं.

“चाललंय, बाई,” आई म्हणाली. मध्ये मोठा श्वास. “पण खरं सांगू का? दोन जिने चढले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय. जीव घाबरी ऱ्हायना, नुसता घाबराघुबरा होतोय. आणि भरीत केलंस, मैत्रिणी जेवल्या, बरं वाटलं, मी आता दिवाळीलाच येते. उद्या त्या खाणीवर जायचंय सगळ्यांना. जाऊ का नको, तूच सांग.”

त्यापुढे ऋजुताचा स्वतःचा आवाज होता. साकवनं त्याला हात लावला नव्हता, कारण त्यात उतरवण्यासारखं काही नव्हतं.

“होईल सवय हळूहळू. जपून जा.”

*

तिनं परवानगी दिली, पण एका अटीवर. जूनच्या शिबिरात, सह्या होण्याआधी, ती पाचही बोलणी सगळ्या सभागृहाला ऐकवायची. तिनं काय म्हटलं, आईला काय पोचलं. आईनं काय म्हटलं, तिला काय पोचलं. आणि त्यावर तिनं काय उत्तर दिलं.

हर्डीकरांनी समजावून पाहिलं. पालक घाबरतील, कुणी सही करणार नाही, एवढी मुलं शिकती राहिली त्यावर पाणी पडेल. ऋजुता म्हणाली, “नाही केली सही तर नाही केली. मोठी झालेली माणसं आहेत ती. आपल्या पोराचं रडणं त्यांना ऐकू द्या, आणि मग ठरवू द्या.” कॉलेजच्या समितीनं पाच वेळा नाही म्हटलं. त्यानंतर अचानक हो म्हटलं. मध्ये काय घडलं ते तिनं विचारलं नाही. एवढंच कानावर आलं की हर्डीकर न कळवता बंगळूरला जाऊन आले होते आणि मुलीला बरोबर घेऊन आले होते.

जूनमध्ये तेच सभागृह, त्याच दोन बाजू. विद्यार्थ्यांत तीन पिकली डोकी. बायपासवाल्या आजोबांची सून ऋजुताच्या मागच्या रांगेत, हातात त्यांच्या गोळ्यांची डबी घेऊन. अल्फिया आता दुसऱ्या वर्षाला, स्वयंसेवकाचा बिल्ला लावून दाराशी.

पाचही बोलणी वाजली. ‘मैत्रिणी जेवायला आल्या होत्या’ इथं आधी काही जण हसले, कारण त्यांना वाटलं हा गमतीचा भाग आहे. ‘जाऊ का नको, तूच सांग’ झालं आणि हसणं थांबलं. मग ‘जपून जा’ वाजलं. मागे कुणाची तरी पाण्याची बाटली पडून घरंगळत पुढेपर्यंत आली आणि ती कुणी उचलली नाही. गोळ्यांची डबी घेतलेली सून उठली, मधली वाट ओलांडून विद्यार्थ्यांच्या बाजूला गेली आणि सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिला कुणी अडवलं नाही. मग आणखी दोघं-तिघं उठले.

हर्डीकर ऋजुतापाशी आले. खालच्या आवाजात म्हणाले, रिवाजाप्रमाणे निरोपाचं वाक्य. तुम्हाला बोलायचं असेल तर.

ती पुढे गेली. समोर रिकामी जागा होती. मागच्या वर्षी तिथं मोरपंखी साडी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. एवढे महिने ऋजुता रागावर जगली होती. यंत्रावर, या मऊ आवाजाच्या माणसावर, पत्रकातल्या फोटोवर, आपल्या स्वतःच्या त्या शब्दांवर. पण इथं उभं राहिल्यावर तिला कळलं की या सगळ्याच्या आधीचा एक राग आहे, चहा गाळता गाळता सांगितलं त्या दिवसाचा. तो तिनं शुल्कात, गादीत, बॅगेच्या चाकांत नीट भरून ठेवला होता. आणि तिनं न बोलता ठेवलेलं सगळं, तिच्याहून गोड करून, तिच्याच आवाजात दुसरं कुणी बोलून गेलं होतं. आईनं शेवटी ऐकली ती एक आनंदी, भरल्या घरातली, मैत्रिणींना वाढणारी मुलगी. तिची काळजी करायचं आईला कारण नव्हतं, आणि तिच्याकडे परत यायचंही.

तिच्या हाती माईक आला. त्यावर साकवचा लहान हिरवा दिवा लागलेला होता, आवाजाचा नमुना घेणारा. तिनं बटण दाबून तो बंद केला आणि माईक टेबलावर आडवा ठेवला.

मग ती बोलली, तिच्या नेहमीच्या, ग्रंथालयातल्या आवाजात.

“ऐकू येत नाही, ताई,” मागून एक पालक म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले. “जरा मोठ्यानं.”

ऋजुतानं रिकाम्या जागेकडे बघितलं. छाती भरून श्वास घेतला. आणि शेवटच्या रांगेच्याही पलीकडे जाईल अशा आवाजात, जो तिच्या घशातून कधी निघाला नव्हता, ती म्हणाली,

“आई, जाऊ नकोस. तरी तू जाशील, मला माहीत आहे. जायलाच हवं तू. पण मागे कुणीतरी रागानं लाल होऊन दारात उभं आहे, त्याला तू हवी आहेस, एवढं ऐकून जा.”